परसांतले पाहुणे आणि त्यांचे बखरकार

प्राणिशास्त्राचा इतिहास म्हटला कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें आफ्रिकेचीं अरण्यें, हिमालयाचे उतार, दक्षिणसागरांतील बेटें आणि तीं धुंडाळणारे धाडसी प्रवासी उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. दूरदेशांहून आणलेल्या पेट्यांनीं संग्रहालयें भरलीं हें खरें. पण प्राणी जगतो कसा, खातो काय, घर कोठें करतो, पिलें कशीं वाढवितो, वर्षाच्या कोणत्या दिवसांत येतो व केव्हां निघून जातो, या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां घराच्या मागल्या दारापासून कुंपणापर्यंतच्या शंभर पावलांत सांपडलीं आहेत. याचें कारण साधें आहे. अरण्यांत गेलेला मनुष्य पाहुणा असतो. त्याला परत जावयाचें असतें. परसांत मनुष्य यजमान आणि प्राणी पाहुणा. यजमान जागचा हालत नाहीं, आणि पाहुणा ऋतुमानाप्रमाणें पुन्हां पुन्हां येतो. निरीक्षणाला जें सातत्य लागतें तें परसाइतकें स्वस्त दुसरीकडे मिळणें कठिण.

या परंपरेचा आद्य पुरुष म्हणून गिल्बर्ट व्हाइट याचें नांव घ्यावें लागतें. १७२० सालीं इंग्लंडच्या हँपशायर परगण्यांतील सेल्बोर्न या खेड्यांत तो जन्मला, ऑक्सफर्ड येथें शिकला, धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन पुन्हां त्याच खेड्यांत येऊन राहिला, आणि १७९३ सालीं तेथेंच वारला. त्याच्या घरामागें मोठी बाग होती. १७५१ सालापासून तो बागकामाची रोजनिशी ठेवूं लागला. प्रारंभीं तींत खरबुजें केव्हां लाविलीं, खत किती घातलें, अशाच नोंदी असत. पुढें पुढें पहिली पाकोळी कोणत्या तारखेस दिसली, कोणता पक्षी कोणत्या दिवसापासून गाऊं लागला, थंडींत कोण दिसेनासें झालें, हेंही तो टिपूं लागला. टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या दोन जिज्ञासु गृहस्थांना त्यानें वर्षानुवर्षें पत्रें लिहिलीं, आणि त्यांतून सिद्ध झालेला सेल्बोर्नच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ १७८९ सालीं बाहेर पडला. तो आजतागायत छापला जात आहे.

व्हाइटचें वैशिष्ट्य हें कीं तो मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यापेक्षां जिवंत पक्ष्याच्या वागणुकीकडे अधिक लक्ष देई. झुडपांतून उडणारे, हिरवट पिवळट रंगाचे, दिसावयास जवळजवळ सारखे असे लहान पक्षी त्या काळीं एकाच जातीचे समजले जात. त्यांचें गाणें तीन तऱ्हांचें आहे हें त्याच्या कानानें हेरलें, आणि १७६८ सालीं त्यानें त्यांच्या तीन स्वतंत्र जाती ठरविल्या. पुढील संशोधनानें तो निर्णय उचलून धरला. मधमाश्यांना ऐकूं येतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्यानें मोठा कर्णा घेऊन त्यांच्या पोळ्यांजवळ, मैलभर अंतरावरच्या जहाजाला साद जाईल इतक्या जोरानें आरोळ्या दिल्या. माश्या आपल्या कामांत गुंग होत्या त्या तशाच राहिल्या. शेजाऱ्यांना या धर्मोपदेशकाविषयीं काय वाटलें असेल याची कल्पनाच करावी.

पण त्याच्या बागेंतील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे 'टिमथी' नांवाचें कासव. तें मूळचें त्याच्या आत्याचें. १७८० सालीं ती वारल्यावर, जमिनींत निजलेल्या या कासवाला उकरून काढून घोड्यांच्या गाडींतून त्यानें आपल्या घरीं आणलें. तें केव्हां जमिनींत शिरतें, केव्हां वर येतें, पावसाला कसें भितें, प्रखर उन्हाला कसें टाळतें, याचा वृत्तांत त्यानें अखेरपर्यंत लिहून ठेविला. हें कासव नर नसून मादी होती हें त्याच्या मृत्यूनंतर कळलें. तिची पाठ लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. कासव बाहेरून आणलेलें खरें, तथापि त्याच्याशीं व्हाइट ज्या रीतीनें वागला ती रीत महत्त्वाची. त्यानें त्याला खेळणें मानलें नाहीं. एखाद्या वृद्ध आप्ताची प्रकृति पाहावी तशी तो त्याची प्रकृति पाहत राहिला.

व्हाइट सर्वत्र बरोबर होता असें नव्हे. पाकोळ्या हिंवाळ्यांत जातात कोठें या प्रश्नानें त्याला जन्मभर छळलें. जिब्राल्टर येथें असलेल्या त्याच्या भावानें समुद्र ओलांडून जाणारे पक्ष्यांचे थवे पाहून त्याला कळविलेंही होतें. तरी कांहीं पाकोळ्या इंग्लंडांतच बिळांत दडून झोंप घेत असाव्यात हा संशय त्याच्या मनांतून समूळ गेला नाहीं. परस पुष्कळ शिकवितें, पण कुंपणापलीकडची गोष्ट एकट्या परसांतून दिसत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या कोणाच्या तरी परसांतील नोंद हातीं यावी लागते.

व्हाइटनें १७७७ सालच्या एका पत्रांत गांडुळांची बाजू मांडली होती. बागवान ज्यांचा तिटकारा करतात तीं गांडुळें नाहींशीं झालीं तर जमीन थंड, घट्ट व निःसत्त्व होईल, असा त्याचा अभिप्राय होता. या विधानाला प्रयोगाचा आधार दिला तो जवळजवळ शंभर वर्षांनीं चार्ल्स डार्विननें. पृथ्वीप्रदक्षिणेहून परत आल्यावर डार्विन १८४२ सालीं केंट परगण्यांतील डाऊन या गांवीं राहावयास गेला व मरेपर्यंत तेथेंच राहिला. तीन खंडांचे प्राणी पाहून आलेल्या या पुरुषानें उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्या बागेंत आणि भोंवतालच्या शेतांत घालविला.

१८४२ सालीं त्यानें घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेविले, आणि २९ वर्षांनीं, म्हणजे १८७१ सालीं, तेथें चर खणून पाहिला. खडूचा थर ७ इंच खालीं गेला होता. कोणी तो पुरला नव्हता. गांडुळांनीं खालची माती विष्ठेच्या रूपानें वर आणून टाकली होती, आणि तिच्या भारानें जुना पृष्ठभाग हळूहळू खालीं गेला होता. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षाला १० टनांहून अधिक माती अशा रीतीनें वर येते असा त्यानें हिशेब काढला. रात्रीं दिवा घेऊन तो गांडुळें पाहत बसे. गांडूळ पान बिळांत ओढतें तें कोणत्या टोंकाकडून, हें पाहण्यासाठीं त्यानें बिळांतून २२७ सुकीं पानें काढून तपासलीं. त्यांपैकीं १८१ पानें निमुळत्या अग्राकडून ओढलेलीं निघालीं, म्हणजे जिकडून ओढणें सोपें तिकडूनच. मग कागदाचे त्रिकोण कापून त्यानें तीच परीक्षा पुन्हां घेतली. कुंडींतील गांडुळांपुढें त्याच्या मुलानें बसून नांवाचें वाद्य वाजविलें, पत्नीनें पियानो वाजविला. गांडुळांनीं दाद दिली नाहीं. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर काढतांच मात्र तीं झटकन् बिळांत शिरलीं. आवाज त्यांना ऐकूं येत नव्हता, हादरा कळत होता. व्हाइटच्या कर्ण्याची ही जणु पुढची पायरीच. १८८१ सालीं हें सर्व ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें, कांहीं आठवड्यांतच त्याच्या हजारों प्रती खपल्या, आणि पुढच्याच वर्षीं डार्विन वारला. जगाचें विचारचक्र फिरविणाऱ्या पुरुषाचा शेवटचा ग्रंथ बागेंतल्या गांडुळांवर असावा, हा योगायोग मनन करण्याजोगा आहे.

हिंदुस्थानांत या परंपरेनें पाऊल टाकलें तें मुंबई इलाख्यांत, आणि तेंही डार्विनच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आंतच. १८८३ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे पुढें ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव मिळालें त्या संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले. महिन्यांतून एकदां भेटावें, पाहिलेल्या प्राण्यांची माहिती एकमेकांस सांगावी, नमुने दाखवावे, एवढाच त्यांचा हेतु होता. या आठांत दोन हिंदी गृहस्थ होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वैद्यक व वनस्पतिशास्त्र या दोहोंचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. या बैठकींतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. १८८६ सालीं संस्थेचें नियतकालिक निघालें, आणि त्यांत मोठ्या निबंधांबरोबर किरकोळ टिपणांनाही जागा मिळाली. कोणा डॉक्टरनें अंगणांत पाहिलेला साप, कोणा अधिकाऱ्याच्या बंगल्यांत घरटें केलेला पक्षी, अशा चार ओळींच्या नोंदींनाही तेथें मान होता. पुढच्या अभ्यासकांना या ओळींचा केवढा उपयोग झाला हें त्या लिहिणारांना स्वप्नांतही आलें नसेल.

त्या आठांतील एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकन. तो १८५१ सालीं साताऱ्यास जन्मला. स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा, शिक्षण मुंबई-पुण्यास झालेलें. डेक्कन कॉलेजांत त्यानें कांहीं वर्षें लॅटिन शिकविली, आणि १८७६ सालीं तो मीठ व जकात खात्यांत शिरला. त्या नोकरीनें त्याला कोंकण व कारवारच्या किनाऱ्यावर हिंडविलें. ज्या वर्षीं संस्था निघाली त्याच वर्षीं त्याचें पहिलें पुस्तक बाहेर पडलें. त्याचें नांव मराठींत सांगावयाचें तर 'माझ्या सरहद्दीवरील टोळ्या'. अफगाण युद्ध नुकतेंच संपलें होतें आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या बातम्यांनीं वर्तमानपत्रें भरलेलीं असत. एटकननें तो शब्दप्रयोग उचलला, आणि बंगल्याच्या कुंपणाआंत बाहेर वावरणारे उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळें, कोळी, बेडूक यांनाच त्या टोळ्या ठरविलें.

त्या काळच्या इंग्रजांनीं हिंदुस्थानांतील प्राण्यांविषयीं लिहिलें तें बहुधा वाघाच्या शिकारीविषयीं. त्यांत प्राण्याचा प्रवेश होई तो मरण्यासाठीं. एटकनच्या पुस्तकांत बंगल्याचा मालकच थोडासा हास्यास्पद दिसतो. घर त्यानें भाड्यानें घेतलेलें आहे, पण छपरांत, भिंतींत, पायखान्यांत आणि बागेंत त्याच्या आधींपासून राहणारे अनेक हक्कदार आहेत. विनोदाच्या आडून त्यानें एक गंभीर गोष्ट सांगितली. मनुष्य ज्याला आपली मालमत्ता समजतो ती अनेकांची समाईक वहिवाट आहे. विनोदी लेखक असला तरी त्याची नजर पक्की होती. डांसाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनीं त्याचें नांव दिलें आहे.

मराठी घरांना परसांतील हे प्राणी अपरिचित होते असें मात्र कोणी समजूं नये. भारद्वाज दिसला म्हणजे दिवस चांगला जाणार, मुंगूस आडवें गेलें म्हणजे शुभ, पिंगळ्याची भाषा जाणतो म्हणून पहाटे दारीं येणारा तो पिंगळा जोशी, पितृपक्षांत वाडीवर येणारा कावळा, नागपंचमीस पूजिला जाणारा नाग: या सर्वांना घराच्या पंचांगांत जागा होती. पानें शिवून घरटें करणारा म्हणून शिंपी, आणि पिकल्या फणसाचा फडशा पाडणारें उदमांजर, यांना आजीबाई नांवानें ओळखीत. हा संबंध जिव्हाळ्याचा होता. त्यांत उणीव होती ती तारखेची. कोण येतो हें सर्वांस ठाऊक. केव्हांपासून येतो, किती येतात, आणि कोण येईनासा झाला, हें लिहून ठेवण्याची चाल नव्हती.

शिवाय परंपरेनें सांगितलेलें सर्वच पाहिलेलें असतें असें नाहीं. सुगरणीचें उदाहरण घ्यावें. विहिरीवर वांकलेल्या फांदीला लोंबणारा तो सुबक खोपा पाहून मराठी भाषेनें त्याच्या कर्तीला गृहिणीची पदवी दिली. वास्तविक तो विणणारा नर असतो. या पक्ष्याच्या संसाराचा सविस्तर उलगडा केला तो डॉ. सलीम अली यांनीं, आणि तोही अलिबागेजवळ किहीम येथें. १८९६ सालीं मुंबईंत जन्मलेले सलीम अली लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें चिमण्या मारीत. त्यांतील एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्यामुळें त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांना वर सांगितलेल्या संस्थेच्या कचेरींत पाठविलें, आणि तेथें मुलाच्या आयुष्याला वळण लागलें. पुढें जर्मनींत शिक्षण घेऊन परत येतात तों त्यांची संग्रहालयांतील नोकरी गेलेली. तेव्हां १९३० सालीं ते किहीमच्या घरीं राहावयास गेले, आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीपुढें शिडीवर आडोसा करून दिवसचे दिवस बसून राहिले.

त्यांना दिसलें तें असें. नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आंत शिरून पाहणी करतात. एखादीला तो पसंत पडला तर ती तेथें संसार थाटते आणि नर उरलेला खोपा पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली कीं तो जवळच दुसरा खोपा विणूं लागतो, दुसरी मादी मिळवितो, आणि क्वचित् त्यानंतर तिसरीही. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या या निबंधानें सलीम अलींचें नांव पक्षिशास्त्रांत स्थिर केलें. बेकारीच्या दिवसांत हें संशोधन झालें. त्याला लागलें भांडवल म्हणजे एक शिडी, एक वही आणि पुष्कळ धीर.

आतां शेवटचें उदाहरण. इंग्लंडांतील लेस्टर शहरांत जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाई राहत. त्यांचें आवार घर धरून सुमारें ७४१ चौरस मीटर: थोडी हिरवळ, फुलझाडें, भाजीपाला, फळझाडें. चारचौघांच्या घरीं असते तशी ही बाग. विशेष एवढाच कीं तींत विषारी औषधें फवारलीं जात नसत. १९७२ सालीं त्यांनीं तेथें दिसणाऱ्या प्रत्येक जीवाची नोंद करण्यास आरंभ केला, आणि २००१ पर्यंत, दुर्धर आजारानें ग्रासलें असतांही, ती चालू ठेविली. तीस वर्षांच्या अखेरीस एकंदर २,६७३ जाती भरल्या. त्यांत वनस्पती ४७४, कीटक १,९९७, इतर अपृष्ठवंश प्राणी १३८, आणि पक्षी, सस्तन व बेडकांसारखे पृष्ठवंश प्राणी मिळून ६४. कांहीं परोपजीवी गांधीलमाश्या तर ब्रिटनमध्यें पूर्वीं कोणीं पाहिल्या नव्हत्या, आणि कांहीं शास्त्रालाही नवीन निघाल्या. शहराच्या मध्यमवर्गीय वस्तींत, रस्त्याच्या कडेच्या एका घरामागें हें सारें नांदत होतें. आणि शेजारच्या घरांमागेंही नांदत असलें पाहिजे, फक्त तेथें कोणी मोजीत नव्हतें. त्याच वह्यांतून कांहीं कीटकांची घट होत गेल्याचेंही दिसून आलें. जेथें वही नव्हती तेथेंही घट झालीच असेल. पण ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

हा मुद्दा महाराष्ट्रांतील नागर कुटुंबांना अगदीं लागू पडतो. मुंबई-पुण्याच्या वाड्यांमागचीं परसें गेलीं, विहिरी बुजल्या, आवारांवर फरशी आली. त्यांबरोबर काय काय गेलें याचा हिशेब कोणापाशींच नाहीं. चिमण्या कमी झाल्या अशी हळहळ सर्वत्र ऐकूं येऊं लागली, नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या पुढाकारानें २०१० पासून मार्चच्या २० तारखेस चिमणीदिन पाळला जाऊं लागला. परंतु पूर्वीं चिमण्या किती होत्या हें सांगावयास आंकडे नव्हते. जो पक्षी प्रत्येक घरांत होता त्याला मोजण्याची गरज कोणास वाटली नव्हती. २०२० सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं जो अहवाल प्रसिद्ध झाला तो १५,५०० हून अधिक हौशी निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. त्यावरून असें दिसलें कीं देशांत एकंदरींत चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण मुंबईसारख्या मोठ्या महानगरांतून ती घटली आहे. चिमणी धान्य खाते तरी पिलांना ती कीटक भरविते, आणि घरट्याला तिला भिंतींतील भोंक किंवा वळचण लागते. नव्या इमारतींत वळचण नाहीं, आणि फरशीवर कीटक नाहींत.

परसांत येणाऱ्या सर्वच पाहुण्यांचें स्वागत करावें असा उपदेश या इतिहासांतून निघत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्यापासून जपलेंच पाहिजे, आणि साप दिसतांच मुलांना दूर नेऊन जाणकाराला बोलाविणें हेंच शहाणपणाचें. परंतु उंदीर खाणारी बिनविषारी धामणही नुसत्या भीतीनें काठीखालीं मरते, तेव्हां ती अज्ञानाची किंमत असते. ओळख असली म्हणजे भीति आपल्या योग्य जागीं राहते.

व्हाइट, डार्विन, एटकन, सलीम अली आणि ओवेन यांच्यांत काळाचें, देशाचें व बुद्धीचें अंतर मोठें आहे. साम्य एवढेंच कीं दारीं येणाऱ्या जीवाला त्यांनीं क्षुल्लक मानलें नाहीं, आणि जें दिसलें तें तारीख घालून लिहून ठेविलें. मोठें परस आतां फार थोड्यांच्या वांट्यास येतें. तथापि गच्चीवरील चार कुंड्या, खिडकीबाहेरचें एक शेवग्याचें झाड, आवाराच्या कोपऱ्यांत न झाडलेला पाचोळा, एवढ्यावरही खार, बुलबुल, दयाळ, सरडा आणि डझनभर फुलपांखरें येतात. ज्या घरांतील मुलें त्यांचीं नांवें विचारतात आणि वडील माणसें तीं वहींत उतरून ठेवतात, त्या घरांत हा इतिहास अजून लिहिला जात आहे.